म्हणणे आणि मोजणे
(आपल्या मंडळाच्या बेसा येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज या व्यासपीठावरून दहावी-बारावीच्या परीक्षांत उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलामुलींचा गौरव झाला. त्यांच्या आईवडिलांच्या मुखावरील समाधान आपण सर्वांनी डोळे भरून पाहिले. अशा मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. मॅट्रिक झालो, शिक्षकी पेशाचे प्रशिक्षण घेतले. याहून अधिक विद्वत्ता आमच्यापाशी नाही. मात्र आमचे उभे आयुष्य पहिली-दुसरीच्या वर्गांत गेले. म्हणून ज्यांचा आज सत्कार झाला त्यांचे अभिनंदन करून, या मंडपात आईच्या मांडीवर कंटाळून निजलेल्या तीन ते सहा वर्षांच्या बाळगोपाळांविषयी बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागतो. दहावीच्या गणितात जे मूल अडते, ते बहुधा दहावीत अडलेले नसते. त्याचे पाऊल फार मागे, अगदी उंबरठ्यापाशीच चुकलेले असते. आणि तो उंबरठा शाळेचा नसून आपल्या घराचा असतो.

प्रारंभ आमच्याच घरापासून करतो. गेल्या दिवाळीत पाहुणेमंडळी आली होती. आमच्या चार वर्षांच्या नातीला तिच्या आईने पुढे उभे केले आणि तिने इंग्रजीत एकापासून शंभरापर्यंत आकडे न अडखळता म्हणून दाखविले. सर्वांनी टाळ्या वाजविल्या. आजोबा या नात्याने आमचीही छाती फुगली. पुढे पाने वाढली गेली. आम्ही तिला सहज म्हणालो, "बाळ, स्वयंपाकघरातून सहा पुऱ्या घेऊन ये बरे." ती धावत गेली आणि दोन्ही हातांत मावतील तेवढ्या पुऱ्या घेऊन आली. आम्ही म्हणालो, "या किती आहेत, मोज." तिने बोट ठेवीत मोजण्यास आरंभ केला, पण जीभ बोटाच्या पुढे धावली, आणि पाच पुऱ्यांची मोजणी नवावर जाऊन थांबली. "मग किती झाल्या?" असे विचारताच तिने पुन्हा पहिल्यापासून म्हणण्यास सुरुवात केली. 'किती' या प्रश्नाचे उत्तर तिच्या मोजण्याच्या शेवटी उभे आहे, हे तिला ठाऊकच नव्हते.

यात त्या बालिकेचा काडीइतका दोष नाही. लहान मूल आरती संपूर्ण म्हणते. त्यातील एकाही ओळीचा अर्थ त्याला विचारला तर ते सांगू शकत नाही. आकड्यांची माळही तशीच पाठ होते. पाठांतराला आम्ही नावे ठेवीत नाही. आमच्या लहानपणी दिवेलागणीला परवचा म्हणण्याची रीत होती, आणि पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, दिडकी म्हणणारे वृद्ध आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्या पाठांतराने पुष्कळांचा संसार तरला. परंतु म्हणणे ही एक विद्या आहे आणि मोजणे ही दुसरी. पहिली जिभेची आहे, दुसरी हात, डोळे आणि बुद्धी या तिघांची आहे. पहिली आली की दुसरी आपोआप येते, अशी आपली समजूत आहे. ती समजूत चुकीची आहे, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

मोजणे म्हणजे नेमके काय, हे थोडे उकलून पाहू. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. थोड्याच वेळात या मंडपात पंगत बसेल, तिच्याकडे पाहावे. प्रत्येक पत्रावळीला एक द्रोण मांडावयाचा असतो. एका पत्रावळीला दोन नकोत आणि एकही पत्रावळ रिकामी नको. जे मूल हे काम बिनचूक करते, त्याला गणिताची पहिली पायरी साधली: एका वस्तूस एक. दुसरी पायरी म्हणजे नावांचा क्रम ठरलेला असणे. तीनानंतर चारच यावयाचे, आज आणि उद्याही. तिसरी पायरी सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाची. शेवटच्या द्रोणाला बोट लावून आपण 'सात' म्हणतो, ते केवळ त्या द्रोणाचे नाव नव्हे. सगळे मिळून सात, असा त्याचा अर्थ आहे. चौथी पायरी अशी की, मोजणी उजवीकडून करा, डावीकडून करा वा मधूनच आरंभा, संख्या बदलत नाही. आणि पाचवी अशी की, द्रोण असोत, गाई असोत वा आकाशात उडालेले बगळे असोत, सात ते सातच. अमेरिकेतील गेल्मन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली आपल्या ग्रंथात मोजणीची हीच पाच तत्त्वे मांडली. आम्हांस ती सेवेच्या अखेरच्या काळात, एका प्रशिक्षण वर्गात कळली. पंगती मात्र आम्ही जन्मभर उठविल्या होत्या!

स्वित्झर्लंडचे विख्यात मानसशास्त्रज्ञ पियाजे यांचा एक प्रयोग आपण घरी सहज करून पाहू शकता. मुलासमोर पाच चिंचोक्यांची एक ओळ मांडावी, तिच्यासमोर तशीच दुसरी. दोन्ही सारख्याच, हे मुलाकडून वदवून घ्यावे. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका ओळीतील चिंचोके लांब लांब सरकवावेत आणि विचारावे, "आता कोणत्या ओळीत जास्त?" चार वर्षांचे मूल बहुधा लांब ओळीकडे बोट दाखवील. त्याला हसू नये, वा 'वेडा' म्हणू नये. त्याच्या दृष्टीने संख्या अजून लांबीतून सुटी झालेली नाही. ती सुटी होण्यास काळ लागतो, आणि पुष्कळ वेळा चिंचोके हाताळावे लागतात.

आता आमच्या मनावरचा एक जुना भार आपल्यापुढे उतरवितो. सन १९८२ च्या सुमारास आम्ही काटोल-नरखेडकडील संत्र्याच्या पट्ट्यातील एका खेड्यात नवे नवे शिक्षक होतो. वर्गात एक सात-आठ वर्षांचा मुलगा होता. त्याचे वडील बागेत मजुरी करीत. एकोणतीसपर्यंत म्हणून झाले की हा मुलगा पुन्हा वीसवर येई. आम्ही त्याला रोज उभे करावे, रोज त्याने तेथेच अडावे आणि वर्गाने हसावे. एके दिवशी त्याला 'मठ्ठ' म्हणून आम्ही दिवसभर वर्गाबाहेर उभे केले. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. आंबिया बहाराची तोड चालू होती. रविवारी सहज त्या बागेवरून जाताना पाहतो तो काय, संत्र्यांच्या ढिगापाशी हाच मुलगा बसलेला. एका हातात तीन आणि दुसऱ्यात दोन अशी एका वेळी पाच फळे उचलून तो टोपल्यात टाकीत होता. वीस वेळा हात फिरला की एक खडा बाजूला ठेवी. आम्ही जवळ जाऊन विचारले, "किती झाली रे?" त्याने खड्यांकडे पाहिले आणि म्हणाला, "सात शेकडे नि वर चार हात, गुरुजी." म्हणजे सातशे वीस. आम्ही मनाशी हिशेब करून ताडा जुळवीपर्यंत त्याचे पुढचे दोन हात फिरले होते.

त्या दिवशी आम्ही त्याला शाळेत परत बोलाविले. तो मान खाली घालून हसला. तोड संपली, त्याच्या वडिलांनी गाव बदलले आणि तो मुलगा पुन्हा आमच्या दृष्टीस पडला नाही. पाच-पाचाचे गट करणे, वीस गटांचा शेकडा करणे, शेकड्याची खूण निराळी ठेवणे, हे स्थानमूल्याचे गणित त्याच्या बोटांत होते. आम्ही फळ्यावर तेच शिकवीत होतो आणि त्याचे आहे ते ओळखू शकत नव्हतो. एका शब्दासाठी, तिसाच्या एका नावासाठी, आम्ही त्या मुलाची शाळा तोडली. आज आम्ही जे बोलत आहोत ते त्याच्या ऋणातून बोलत आहोत.

असे आमच्याच हातून घडले असे नाही, हे अलीकडे कळले. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो या नोबेल पारितोषिक मिळविलेल्या अर्थशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ च्या आरंभी प्रसिद्ध झाला. वजन, भाव आणि परत द्यावयाची मोड यांचा हिशेब ही मुले तोंडी करीत. तीच उदाहरणे शाळेच्या पद्धतीने कागदावर दिली की ती अडत. उलट, बाजारात काम न करणारी शाळेतील मुले कागदावर बरी ठरली, पण बाजारातील हिशेबात मागे पडली. एकाच देशातील मुलांची ही दोन गणिते एकमेकांना ओळखत नाहीत. बाजारातल्या मुलाच्या हातातील संख्येला कागद मिळत नाही, आणि आमच्या नातीच्या जिभेवरील शंभराला सहा पुऱ्या मिळत नाहीत. दुखणे एकच आहे.

त्यावर उपाय आपल्याच महाराष्ट्रात फार पूर्वी सांगितला गेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या मुलखात गेले. इटलीच्या मारिया मॉन्टेसोरी यांनी बालशिक्षणासाठी सुंदर साधने निर्माण केली होती. परंतु ती महाग, आपल्या खेड्यांना न परवडणारी. ताराबाईंनी मूळ तत्त्व घेतले आणि साधने आपल्या मातीतून उचलली: शिंपले, खडे, बिया, पाने, काटक्या. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्या शाळाच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. तिचे नाव अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरविली. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा गावोगावच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला. मात्र त्यांचा खरा गौरव आपण तेव्हाच करू, जेव्हा आपल्या घरातला खडा आणि बी पुन्हा मुलाच्या हाती जाईल.

खरे पाहता ही परंपरा याहूनही जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' रचली, तीत गणिते आहेत ती कमळांवर बसणाऱ्या भ्रमरांची आणि सरोवरातील हंसांची. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याची नोंद सांगणारा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. एवढ्या थोर गणित्यालाही संख्या सांगण्यासाठी भुंगा आणि फूल लागले. मग आपल्या चार वर्षांच्या बाळाला कोरड्या आकड्यांवर का बसवावे?

येथे कोणी म्हणेल, "गुरुजी, आम्हांला आमच्या आईबापांनी कोठे असे शिकविले? तरी आम्ही हिशेब करतोच ना?" हा प्रश्न योग्य आहे. याचे उत्तर असे की, त्या काळी घरच शिकवीत होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, त्यापूर्वी सोळा आण्यांचा रुपया आणि चार पैशांचा आणा असे. आमच्या लहानपणी दशमान पैसे होते, पण ते हातात पडत. चार आणे देऊन दुकानातून काडेपेटी आणणारे मूल मोड मोजून घेई. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणत, आणि लहान मुले तोंड उघडे ठेवून ते ऐकत. आज बेस्यात काय आहे? जेथे तूर आणि कापूस उभा असे, तेथे इमारती उभ्या आहेत. तूरडाळ पाकिटात येते. पैसे फोनवरून जातात. मुलाला दिसते ती एक चौकोनी खूण आणि ऐकू येतो एक आवाज. नाणे नाही, मोड नाही, माप नाही. सोय झाली, यात संशय नाही. पण पूर्वी जे न शिकविता मिळत होते ते आता हेतुपुरस्सर दिले पाहिजे, एवढे आपण ओळखावे.

मग द्यावे कसे? यास खर्च नाही आणि स्वतंत्र वेळही काढावा लागत नाही. सकाळी ताटे मांडताना मुलाला विचारावे, "आज घरात जेवायला किती माणसे? मग वाट्या किती?" पोळ्या भाजताना एकेक पोळी डब्यात ठेवण्याचे काम त्याला द्यावे आणि आईने त्याच्याबरोबर सावकाश मोजावे. हिवाळ्यात तुरीचे सोले काढायला घरातल्या बायका बसतात, तेथे मुलाला शेंग द्यावी आणि फोडण्यापूर्वी विचारावे, "आत दाणे किती असतील?" मग फोडून पाहावे. संत्रे सोलले की फोडी मोजाव्या आणि त्या भावाबहिणींत सारख्या वाटण्यास सांगावे. न उरता वाटल्या गेल्या तर भागाकार आणि एक उरली तर बाकी, हे नाव न घेता शिकविले गेले. आपल्या नागपूरकडील तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घरी असेल, तर त्याची शिंगे किती, पाय किती, चाके किती? दोन बैल असतील तर? मेळाव्याच्या दाराशी पडलेल्या चपलांकडे पाहावे: जोड किती आणि नग किती? अंगणातील ठिपक्यांच्या रांगोळीत आडवे पाच आणि उभे पाच ठिपके मांडता मांडता पाढ्याचा पाया घातला जातो. वाटीतला शेवटचा लाडू खाल्ला की विचारावे, "आता किती?" मूल हसत रिकामी वाटी दाखवील. तेच शून्य.

हे करताना तीन गोष्टी पाळाव्या. पहिली, मुलाने वस्तू नुसती दाखवू नये. हाताने उचलून पलीकडे सरकवावी. सरकवली की ती पुन्हा मोजली जात नाही, आणि जीभ हाताची वाट पाहू लागते. दुसरी, मोजून झाले की लगेच विचारावे, "मग सगळे किती?" मूल पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागले, तर समजावे की तिसरी पायरी अजून आलेली नाही, तीन-चार वस्तूंवर थांबून तेथेच रमावे. तीन नीट आल्याखेरीज तीसकडे धावू नये. तिसरी, आकडा लिहिण्याची घाई करू नये. आधी वस्तू, मग शब्द आणि शेवटी आकडा. पाटीवर ५ गिरविणाऱ्या मुलाला पाच म्हणजे काय हे हाताने ठाऊक असले, तर ते अक्षर त्याचे होते. एरवी ते नुसते एक वळण राहते.

घरी सोंगट्यांचा खेळ असेल तर तो उत्तम. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीग्लर यांनी २००८ साली अमेरिकेतील गरीब घरांतील बालवर्गाच्या मुलांना एक ते दहा आकड्यांच्या सरळ पटावरचा खेळ खेळविला. पंधरा-वीस मिनिटांच्या अवघ्या चार बैठकांनी त्यांची संख्यांची जाण वाढली, आणि नऊ आठवड्यांनंतरही ती टिकली. आपल्याकडे सापशिडी आहे, अष्टाचंगा आहे. मोठ्यांनी पाच मिनिटे खाली बसावे, इतकेच हवे.

आणखी एक अडचण खास आपल्या मराठीची आहे. 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी उच्चारला जातो आणि पन्नास मागून; लिहिताना मात्र ५ आधी. म्हणून मुले ३५ लिहून ठेवतात. 'एकोणचाळीस' ऐकून ४९ लिहिणारी मुले आम्ही प्रतिवर्षी पाहिली. तेलुगू आणि कानडीत आधी दशक, मग एकक असाच उच्चार आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जुन्या नावांच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचण्याची रीत दिली गेली. गणित समितीच्या अध्यक्षा, गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या. त्यावर केवढा गदारोळ झाला! विधानसभेपर्यंत विषय गेला. भाषा बिघडली, असे एका पक्षाने म्हटले. मुलांचे ओझे उतरले, असे दुसऱ्याने. आम्हांस दोन्ही पक्षांचे म्हणणे थोडेथोडे पटते. परंतु मुलाच्या हातात काय आहे, हे फारसे कोणी विचारले नाही. खराट्याच्या दहा काड्यांची एक जुडी बांधावी, जशी आपण सांबाराची जुडी आणतो तशी. पाच जुड्या आणि सुट्या तीन काड्या मुलाने स्वतः मांडल्या, की तो त्याला 'पन्नास तीन' म्हणो, 'त्रेपन्न' म्हणो वा शाळेत 'फिफ्टी थ्री' म्हणो, संख्या हलत नाही. आज आपल्या मुलांना आजीचे आकडे एका भाषेत आणि शाळेचे दुसऱ्या भाषेत शिकावे लागतात. या दोन्ही नावांना जोडणारा पूल म्हणजे ती जुडी.

दोन इशारे देणे आमचे कर्तव्य आहे. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती चिंचोके, वाटाणे, मणी कधीही देऊ नयेत. ती वस्तू नाकात वा घशात जाऊन प्राणावर बेतू शकते. त्यांच्यासाठी वाट्या, लिंबे, कांदे, बटाटे आहेत. आणि मोठ्या मुलाजवळही कोणी तरी बसलेले असावे. दुसरा इशारा मोठ्यांसाठी. पाहुण्यांसमोर मुलाची परीक्षा घेऊ नये आणि चुकले तर 'चूक' म्हणून ओरडू नये. "चल, दोघे मिळून मोजू," एवढेच म्हणावे. एका शब्दाने मूल कोठवर दूर जाते, हे आम्ही आपणांस सांगितलेच आहे. मुलींना वाट्या आणि मुलांना पैसे, अशी वाटणीही करू नये. भाजीचा हिशेब मुलीने करावा आणि पोळ्या मुलाने मोजाव्या.

हा विषय किती निकडीचा आहे, याचे एकच प्रमाण देतो. 'असर' या संस्थेने २०२४ साली केलेल्या पाहणीत ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी हातचा घेऊन वजाबाकी करू शकणारी मुले सुमारे एकतृतीयांश आढळली. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू केले; तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि मूलभूत संख्याज्ञान यावे, हा त्याचा हेतू आहे. शासन आपले काम करो; परंतु कोणतेही शासन आपल्या स्वयंपाकघरात येऊन पोळ्या मोजणार नाही.

शेवटी मंडळाला एक नम्र विनंती. गुणवंतांचा सत्कार अवश्य चालू ठेवावा. त्याच्या जोडीला पुढील वर्षीपासून मेळाव्याच्या पंगतीत पहिली पंगत सहा वर्षांखालील मुलांनी मांडावी. एक पत्रावळ, एक द्रोण. चुकले तर वाढपी सावरून घेतील, जेवण थोडे उशिरा होईल, आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करू नये. घरोघरी एक कापडी थैली शिवावी आणि तीत शंभर चिंचोके घालून ती उंच फळीवर ठेवावी. खेळताना खाली यावी, खेळून झाल्यावर मोजून वर जावी. मोजून परत ठेवणे हाही अभ्यासच आहे. आजीआजोबांकडे वेळ आहे. आमच्याजवळ तर आता वेळाखेरीज दुसरे काही उरलेले नाही. आम्ही बेस्यातच राहतो. ज्यांना आपले मूल संध्याकाळी अर्धा तास आमच्या ओट्यावर पाठवावयाचे असेल, त्यांनी निःसंकोच पाठवावे. शुल्क नाही, येताना मुलाने दहा खडे वेचून आणावे.

आमच्या नातीचे काय झाले, असे कोणी विचारील. परवा तिला पुन्हा पुऱ्या आणावयास सांगितले. या वेळी चारच सांगितल्या. ती स्वयंपाकघरातून परत आली तेव्हा तिच्या ताटलीत चार पुऱ्या होत्या आणि तोंडात एक. आम्ही विचारले, "किती आणल्यास?" ती म्हणाली, "चार. आणि एक माझी." हे ऐकून आम्हांस त्या शंभर आकड्यांहून अधिक आनंद झाला, आणि त्याच क्षणी ढिगापाशी बसलेला तो मुलगा डोळ्यांपुढे उभा राहिला. त्याचे खडे आम्ही मोजू शकलो नाही. आपल्या मुलांचे आपण मोजू या.